चार ओळींत न बसलेलं वाक्य

विनायकदादा गेल्याचा फोन दुपारी तीनच्या सुमारास आला. मी कार्यालयात पुरवणीचं शेवटचं पान वाचत होते. पलीकडे मंगलवहिनी होत्या, दादाची बायको. आवाज कोरडा होता. "सुमा, हे गेले. तू हॉस्पिटलात येऊ नकोस, सरळ नंदाखालला घरी ये. आणि येताना त्या दाराला हात लावू नकोस, ते तसंच राहू दे." कुठलं दार हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आम्हा दोघींना ते माहीत होतं. गोठ्याचं दार. त्यावर दादाने माझ्या वर्तमानपत्रातलं एक कात्रण चिकटवलेलं होतं, चार ओळींचं. ते मी संपादित केलं होतं.

विनायक माझा मामेभाऊ. वय एकसष्ट, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. केळी-नारळाची वाडी, वाडीच्या मागच्या अंगाला गोठा, गोठ्यात कधी दोन तर कधी तीन म्हशी. तो काही दूध विकून राहणारा माणूस नव्हता. घरापुरतं, शेजारपाजारपुरतं दूध आणि वाडीला शेण, एवढ्यासाठी जनावरं. लहानपणी आम्ही मे महिन्यात मामाकडे राहायला जायचो, तेव्हा तो धार काढताना आम्हाला रांगेत उभं करायचा. "तोंड उघडा, डोळे मिटा." मग थेट तोंडात दुधाची धार. कुणी चुकवली तर ती कानात जायची. माझ्या तोंडापेक्षा माझ्या कानांनी ते दूध जास्त प्यायलं, असं तो माझ्या लग्नातही सांगत होता. उकळलेलं दूध तो आजाऱ्याचं समजायचा. मामीने सांगून पाहिलं, वहिनींनी सांगून पाहिलं, मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलीने फोनवर सांगून पाहिलं. त्याचं एकच उत्तर असे, "दूध तापवलं की त्याचा जीव जातो."

साधारण दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका पशुवैद्यकांचं टिपण आलं. विषय ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांत गर्भपात घडवणारा आणि त्यांच्यापासून माणसाला होणारा तापाचा आजार. टिपण चांगलं होतं, सहा वाक्यांचं. पानावर ऐनवेळी जाहिरात आली आणि मला चार ओळी उरल्या. मी ठेवलं ते असं : हा आजार बाधित जनावरांच्या कच्च्या दुधातून होतो, दूध उकळूनच प्यावे, न तापवलेल्या दुधाचे लोणी, पनीर टाळावे. काढलं ते असं : गाभ टाकलेल्या जनावराची वार (म्हणजे गर्भवेष्टन), मेलेले रेडकू वा स्राव उघड्या हातांनी हाताळू नयेत, हातावर जखम असेल तर धोका अधिक. काढण्यामागे विचार होता. आमचा वाचक इमारतीत राहतो, त्याचा संबंध दुधाशी येतो, वारेशी येत नाही, असं आम्ही धरून चालतो. हे ठरवायला मला अर्धं मिनिट लागलं असेल.

दादाने ती बातमी वाचली. माझा पेपर तो मी त्यात आहे म्हणून वाचायचा, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एकेका शब्दावर बोट ठेवून. त्या दिवशी त्याने फोन केला. "काय गं, हे तू छापलंस?" मी म्हटलं, हो. "मग खरं असणार." इतकंच. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरात दूध तीन उकळ्या येईपर्यंत तापू लागलं. कात्रण खळीने गोठ्याच्या दारावर लागलं. दादरहून आलेल्या व्याह्यांनी हौसेने धारोष्ण दूध मागितलं, तेव्हा त्याने त्यांना दारापाशी नेऊन ते वाचायला लावलं. वहिनी हसून म्हणायच्या, "तीस वर्षं मी घसा फोडला. संपादकबाईंच्या चार ओळी काय आल्या, आणि हे सुधारले."

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर त्याने चिंचोटीच्या बाजूच्या एका तबेल्यातून एक गाभण म्हैस आणली. रक्त तपासून घ्यावं, काही दिवस वेगळी बांधावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. म्हैस देखणी होती, दादा खूश होता. सातव्या महिन्यात तिने गाभ टाकला. तो रविवार होता, सकाळी दहाची वेळ, आणि मी योगायोगाने तिथे होते. वार अडकली होती. दादा कोपरापर्यंत हात घालून ती काढत होता. आदल्या दिवशी केळीचा घड उतरवताना कोयता लागून त्याच्या अंगठ्याजवळ कापलं होतं, त्यावरची पट्टी त्याने काढून खुंटीवर ठेवली होती, ओली होऊ नये म्हणून. म्हशींचं बघायला जूचंद्रहून येणारा हरिश्चंद्र शेपूट धरून उभा होता. "दादा, डॉक्टरला बोलवू का?" "डॉक्टर येईपर्यंत हिला ताप भरेल. धर नीट." वार निघाली. दोघांनी ती आणि मेलेलं रेडकू एका नारळाच्या बुडाशी पुरलं. वाडीत हे असंच करतात. झाडाला खत होतं, आणि वाडीतलं वाडीत राहतं. खड्डा गुडघाभरही नव्हता. मग दादाने केळीच्या पानाला हात पुसले, माती लावून धुतले आणि मला म्हणाला, "हिचं दूध आता महिनाभर नाही घ्यायचं. घेतलं तरी तीन उकळ्या. तुझा कायदा मोडत नाही मी."

मी हसले. मी काढलेलं वाक्य मला त्या वेळी आठवलं का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. नाही आठवलं. जे छापलं जातं ते लक्षात राहतं. काढलेलं राहत नाही...

दोन महिन्यांनी दादाला ताप सुरू झाला. दिवसा बरा, संध्याकाळी चढायचा, मग घामाने अंथरूण भिजायचं. मलेरियाची तपासणी झाली, टायफॉइडच्या गोळ्या झाल्या. कंबर इतकी दुखू लागली की मणक्याच्या क्षयाची शंका आली. वजन उतरलं. एका डॉक्टरांना मात्र वेगळी शंका आली होती, हे नोंदवलं पाहिजे. त्यांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत. कच्चं दूध पिता का?" दादा जवळजवळ दुखावला. "दीड वर्षात थेंब नाही, डॉक्टर. दारावर लावून ठेवलंय." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाजूच्या खुर्चीवर बसले होते. मी म्हणाले, "खरं आहे ते. उकळूनच पितो." त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं आणि पुढचा प्रश्न विचारला. हातांबद्दल त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. दादाने लपवलं असं नव्हे. म्हशीची वार काढणं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, हे त्याला कळायला ती आधी कुठेतरी वाचायला मिळायला हवी होती.

नंतरचे तीन महिने त्या एका उत्तराने खाल्ले. दम लागू लागला, पाय सुजले, तेव्हा त्याला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. तिथे रक्तातले जंतू वाढवून पाहिले आणि ब्रुसेलाचं नाव पुढे आलं. जंतू हृदयाच्या झडपेपर्यंत पोचले होते. या आजाराने माणूस सहसा मरत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत कळलं तर दोन औषधं काही आठवडे नेमाने घेऊन बरा होतो. औषधं सुरू झाली. झडपेच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरला होता. त्याच्या आदल्या दिवशी तो गेला. शेवटच्या भेटीत त्याने मला एकच विचारलं, "सुमे, दूध तर उकळतच होतो ना गं आपण?" मी हो म्हणाले. पुढचं वाक्य तेव्हाही मी त्याला सांगितलं नाही.

दादाच्या निदानामुळे हरिश्चंद्रचं रक्त तपासलं गेलं. त्यालाही लागण होती. "मला बी रोज ताप येत व्हता. मी समजलो, कामाचा थकवा," तो मला म्हणाला. "पानी लावून हात धुतला की झालं, असं वाटायचं. आमाला कोन सांगनार?" त्याने औषधांचा पूर्ण क्रम घेतला. तो बरा आहे. तिन्ही म्हशींची तपासणी झाली, दोघींत दोष निघाला, त्या पशुवैद्यकांच्या सल्ल्याने गोठ्यातून गेल्या. तिसरी, चंद्री, पहिल्या तपासणीत निर्दोष ठरली, पण पुन्हा तपासल्याशिवाय नक्की म्हणता येणार नाही. ती गाभण आहे. तिला पाठवायला वहिनी तयार नाहीत, ती त्यांच्या हाताखाली वाढली आहे. "वेळ आली की मीच काढीन तिचं बाळंतपण," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातांना वाडीच्या कामाने भेगा आहेत.

म्हणून महिनाभराने मी नंदाखालला गेले ते पशुवैद्यकांकडून खांद्यापर्यंतचे हातमोजे घेऊन. गोठ्यापाशी उभं राहून मी वहिनींना सगळं सांगितलं. सहा वाक्यं आली होती, चार ओळींची जागा होती, मी काय ठेवलं आणि काय काढलं. छापलेल्या मजकुरात एकही चूक नव्हती, हेही सांगितलं. चूक असती तर आम्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली असती.

वहिनींनी चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. मग आत गेल्या आणि नारळाच्या पोत्यांवर दादा नाव घालायचा तो निळा रंग घेऊन आल्या. ब्रश माझ्या हातात दिला. "लिही."

मी कात्रणाच्या खाली लिहिलं. वार आणि मेलेलं रेडकू उघड्या हातांनी शिवू नये. हातावर जखम असेल तर मुळीच नाही. हातमोजे घालावेत. खोल खड्डा करून, चुना टाकून पुरावं. वहिनींनी ते मोठ्याने वाचलं, दादा वाचायचा तसं एकेका शब्दावरून बोट फिरवत, फक्त जरा अंतर ठेवून, कारण रंग ओला होता.

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढं बसलं नाही तुमच्या पानात?"

त्यांनी हातमोजे, दादाने त्या दिवशी पट्टी ठेवली होती त्या खुंटीला अडकवले आणि दाराकडे पाहिलं. खाली अजून बरीच जागा होती.