मोगऱ्याची पुडी

बायको रुसून आरमोरीला माहेरी गेली, तेव्हा मी गडचिरोलीहून उतारूंच्या मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर मोगऱ्याची फुलं धाडली. तीही साखरेच्या डब्यात, घट्ट झाकण लावून. पोचेपर्यंत त्यांची भाजी झाली आणि रुसवा दुप्पट.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं माझा डबा हुंगून परत दिला. "गुरुजी, उमललेले फुलं काऊन धाडता? कळ्या द्या. रस्त्यात उमलतीन."

कळ्या त्यानं ओल्या पळसपानात बांधल्या. एक मात्र स्वतःच्या खिशात टाकली.

"ही कोणासाठी?" मी संशयानं विचारलं.

"हे उमलली का मंगच बाईले पुडी देतो."

तिसऱ्या दिवशी बायको परतली. म्हणाली, "तो भाऊ अर्धा घंटा आमच्या ओट्यावर बसून होता. खिशातली कळी पाहे अन् परत ठेवे."

त्याचं नाव विचारायचं राहिलंच. पण तेवढा वेळ मोटारीत खोळंबलेले उतारू त्याला काय म्हणाले असतील, याचं मला अजून कुतूहल आहे.