मागच्या ट्रॉलीचा ऊस

शनिवारी पाय मोडायचे आणि रविवारी त्याच मोडक्या पायांवर पळायचं, असं आमचं त्या हिवाळ्यात चाललं होतं. पन्नास किलोमीटरची शर्यत धावायचं खूळ चाळिशी उलटल्यावर डोक्यात शिरलेलं. शर्यतीपेक्षा मला माझ्या शरीराचाच राग जास्त. ते थांबू म्हणालं की मी मांडीवर बुक्की हाणायची, चढावर पोटऱ्यांना शिव्या घालायची. सोबतीला मंगळवार पेठेतली माझी मैत्रीण. ती ब्लाउज शिवते. पहाटेची नमाज उरकून बूट बांधत खाली यायची आणि सकाळी सकाळी तोंड तरी चांगलं ठेव म्हणायची.

प्रशिक्षकांनी सांगितलं होतं, दर तासाला थांबून काय बरं वाटलं ते मोठ्यानं बोलायचं. तिला ते फार आवडायचं. गुऱ्हाळाचा वास आला, शुकर अल्लाचा. मोजा भिजला नाही, शुकर. मला दातओठ खाण्यापलीकडं काही सुचायचं नाही.

त्या शनिवारी कळंब्याच्या पुढं मोटारसायकलवरच्या एकानं जाता जाता माझ्या पाठीत थापटी मारली. मी हातातली भरलेली बाटली त्याच्या टाळक्यात घातली. गाडी हेलपाटली, सावरली, गेली. तासाला थांबलो तेव्हा मी म्हटलं, नेम लागला, शुकर. ती हसली नाही. "तो पडून मेला असता तर माझं पळणं आजच संपलं असतं," ती म्हणाली. ते खरंच होतं. रस्त्यावर काही भानगड झाली की पळणं बंद, या एका अटीवर सासूनं तिला बाहेर सोडलं होतं. तिच्या घरी तसा शब्द मी दिला होता.

रविवारी आम्ही दोघीही पिळून निघालो होतो. गारगोटी रस्त्याच्या एका चढावर तिचे ओठ पांढरे पडले. जवळचा गूळ संपलेला, हॉटेलं बंद. तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, स्पीकरवर गाणी दणाणलेली. आता चालत्या ट्रॉलीतनं ऊस ओढण्याला आमच्याकडं चोरी म्हणत नाहीत. शाळेत असताना ओढलाय, लग्नानंतरही ओढलाय. चढावर ट्रॉली मंदावते, लोंबता ऊस बघायचा, हिसका द्यायचा आणि बाजूला व्हायचं.

हिसका दिला, ऊस हलला नाही. मला संताप आला. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, मी मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलं आणि सगळा भार टाकून ओढलं. नेमका चढ संपला. ट्रॅक्टरनं वेग घेतला. आदल्या दिवशीचे पाय दहा पावलंही पळाले नाहीत. मी पडले आणि फरफटत निघाले. पाल्याची धार कातडी कापत मनगटात रुतत होती, गुडघे डांबरावर सोलत होते. मी ओरडले, ते गाण्यात गेलं. मागनं दुसऱ्या ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता, अगदी जवळ.

मग कुणीतरी माझी वेणी धरली. डोक्याची कातडी उपटून निघाली असं वाटलं. ती माझ्या वेणीला लोंबकळली होती, पूर्ण अंगानं. वाढं तुटलं. आम्ही दोघी गटारात कोसळलो आणि मागच्या ट्रॅक्टरचं चाक, मी होते तिथनं गेलं.

तिनं माझ्या छाताडावर बसून मला थोबाडलं. एकदा नाही, हात दुखेपर्यंत. आयुष्यात कधी आवाज न चढवलेली बाई.

"तुज्या पोरास्नी काय सांगू मी? तुला ट्रॉलीखाली घालून आले म्हणून?"

मी एकही फटका अडवला नाही. मला ते फटके हवे होते. प्रत्येक फटका लागत होता, म्हणजे मी होते.

मागचा ड्रायव्हर ट्रॅक्टर थांबवून शिव्या देतच आला. मरायचं आसंल तर घरात मरा की, म्हणाला. मग माझे गुडघे त्याला दिसले. परत गेला, आपल्या ट्रॉलीतला एक जाड ऊस उपसला, मांडीवर मोडला आणि तुकडे आमच्या अंगावर भिरकावले.

"मागितला आसता तर न्हाय म्हणलो आसतो व्हय?"

तो गेल्यावर आम्ही कडेला बसून ऊस सोलला. फुटलेल्या ओठाचं रक्त आणि रस हनुवटीवरनं एकत्रच गळत होते. इतका गोड ऊस मी त्याआधी खाल्ला नव्हता, आणि हे मी तिला बोलूनही दाखवलं. घरी काय सांगायचं, हे तिनं विचारलं नाही. शर्यतीचं नाव तर दोघींनीही काढलं नाही. ती डाव्या हातानं खात होती. उजवी मूठ मांडीवर तशीच आवळलेली, बोटांतनं माझ्या केसांचा पुंजका बाहेर आलेला.

मी म्हटलं, सोड की आता.

ती मुठीकडं बघत राहिली.

"सुटंना गं."