पॉवर कमी आहे

इंटरनेटवरचं टीव्हीवर दाखवणारी बोटाएवढी स्टिक मी निरगुडसरला आई-अण्णांकडे बसवली, तेव्हा स्वतःवर फारच खूश होते. भिंतीवरच्या बोर्डात जागा नव्हती. टीव्हीच्या मागे यूएसबीचं भोक दिसलं, स्टिकची वायर तिथेच खुपसली आणि सोबतचा अडॅप्टर खोक्यात ठेवून दिला. "आता एकच बटण. टीव्ही लावला की हीपण चालू," असं अण्णांना ऐटीत सांगितलं. स्क्रीनवर कसलीशी सूचना आली होती, ती न वाचताच मी ओके दाबलं. वाचायचा कंटाळा हा माझा जुना रोग.

एवढा खटाटोप माझ्या लेकीच्या गॅदरिंगसाठी होता. शाळा ते इंटरनेटवर थेट दाखवणार होती. ती पहिल्यांदाच एकटी नाचणार होती आणि गुडघ्यांमुळे अण्णांना पुण्याला येणं जमत नव्हतं.

नाच झाल्या झाल्या तिने फोन लावला. "आजोबा, बघितलंत?"

"बघितलं की. लई ग्वाड नाचलीस."

ती दिवसभर हवेत होती.

पुढच्या रविवारी आम्ही गावी गेलो. चहा टाकता टाकता आईने हळूच सांगितलं, "त्यास्नी काय बी दिसलं न्हाई गं. पोरगी स्टेजवर आली आन् टीव्ही काळा. परत चालू, परत काळा. वर इंग्रजीत आलं, पॉवर कमी हाय म्हणून."

पॉवर कमी म्हणजे व्होल्टेज कमी, हे अण्णांचं आयुष्यभराचं गणित. त्यांनी फ्रीज बंद केला, दिवे घालवले. कांद्याला पाणी चालू होतं आणि दिवसाची लाईट आठवड्यातून मोजकेच दिवस मिळते, तरी विहिरीवरची मोटर बंद केली. शेवटी शेजाऱ्यांना फोन केला, "भाऊ, तुमची मोटर धा मिनटं थांबवा. नात नाचतीय." त्यांनीही थांबवली बिचाऱ्यांनी. आणि इकडे दोष टीव्हीमागच्या त्या भोकाचा. स्टिकला पुरेल एवढी वीज त्यातून येतच नव्हती. मला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"मला फोन का नाही केला?" मी अण्णांना विचारलं.

"तू पोरीपाशी असशील. कशाला गडबड करायची?"

मी खोक्यातला अडॅप्टर काढला, एक्स्टेंशन जोडून स्टिक भिंतीवरच्या विजेवर घेतली आणि शाळेने पाठवलेलं रेकॉर्डिंग लावलं. लेक आजोबांना टेकून बसली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. टीव्हीवर ती स्टेजवर आली, वाकून नमस्कार केला. अण्णा पुढे सरकले.

"आजोबा, आता काय होतं, आठवतंय ना?"

"न्हाई बा," अण्णा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "तूच सांग."

तिने त्यांचा हात धरला आणि प्रत्येक गिरकी येण्याआधीच त्यांना सांगू लागली.