समीरच्या कडक स्प्रिंगा

माझे सासरे लोकांच्या गाड्या दाबून बघत. उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीच्या मडगार्डवर दोन्ही तळवे ठेवायचे, अंगाचा सगळा भार टाकायचा आणि झटकन हात काढून घ्यायचे. मग मान तिरकी करून ती गाडी कशी वर येते आणि किती डुलते ते पाहत राहायचे. लग्नाच्या हॉलबाहेर, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, कुठेही. एकदा एका मयताला गेलो असताना त्यांनी शववाहिकासुद्धा दाबून पाहिली होती. "शॉकअप गेलेत," एवढंच म्हणाले आणि पुन्हा हात बांधून गंभीर उभे राहिले. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीतली मुलं त्यांना पंपकाका म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

चांगल्या गाडीची त्यांची व्याख्या ठरलेली होती. "एकदा खाली, एकदा वर, आणि गप." स्प्रिंग भार सोसते आणि शॉकअप तिचा नाच थांबवतो, एवढं मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शिकवण्यात आलं. आयुष्यभर त्यांनी एका खासगी कंपनीसाठी रस्ते बांधले होते, त्यामुळे खड्ड्यांबद्दल ते घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत. माणसांनाही तीच व्याख्या लावत. एक चुलत नणंद दर भेटीला तीच तीच गाऱ्हाणी सांगे; ती गेली की बाबा म्हणत, "हिचे शॉकअप बदलायला हवेत." मी चिडून भांडी आपटायला लागले की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. "वर येऊन झालं का?" असं विचारायचे आणि स्वतःच चहा टाकायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. बाबांचा चहा चांगला व्हायचा.

गाडी मात्र समीरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. कॅम्पातल्या एका बंगल्यात वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून असलेली, इंग्लंडात बनलेली, उघड्या टपाची जुनी हिरवी स्पोर्ट्स कार त्याने आणली तेव्हा तिच्यात उंदरांचं घर होतं. दोन माणसांची गाडी, म्हणजे घरातल्या तिघांपैकी एकाला कायम घरी बसवणारी. तो एक कोण, हे सांगायला नकोच. येरवड्याच्या गायकवाडांच्या गॅरेजमध्ये तिचं इंजिन झालं, रंग झाला, सीटा झाल्या. राहिल्या त्या स्प्रिंगा आणि शॉकअप, आणि तिथे बाप-लेकाचं बिनसलं.

जुन्या स्प्रिंगा बसल्या होत्या. गाडी पोटावर आली होती आणि चालवणाऱ्याच्या बाजूला कलली होती. नव्या घ्यायच्या, यावर दोघांचं एकमत. कुठल्या, यावर मात्र महाभारत. बाबांचं म्हणणं, मूळ उंचीच्या आणि मऊ. समीरला हव्या होत्या आखूड आणि कडक, म्हणजे गाडी जमिनीला चिकटून राहील आणि वळणावर झुकणार नाही.

"बाबा, ही स्पोर्ट्स कार आहे, पालखी नाही."

"तू राहतोस विश्रांतवाडीत. घरापासून सिग्नलपर्यंत स्पीडब्रेकर किती, ते मोज आणि मग वळणाचं बोल."

"सगळं काय स्पीडब्रेकरसाठी करायचं?"

"रस्ता आपल्यासाठी बदलत नाही, समीर. मी बांधलेत."

हे महिनोन् महिने चाललं. जेवताना, टीव्हीसमोर, माझ्या माहेरच्या माणसांदेखत. स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनेच निवडायचे, एक कडक आणि एक मऊ असा संसार टिकत नाही, हे बाबांचं वाक्य माझ्या भावाने आपल्यालाच उद्देशून आहे असं समजून मनाला लावून घेतलं होतं. शेवटी समीरने बाबांना न विचारता परदेशातून कडक स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीचे शॉकअप मागवले. शॉकअपला कमी-जास्त करायची कळ होती. ती मधल्या खुणेवर ठेवणार, असं त्याने रविवारी नाश्त्याला जाहीर केलं.

"बसव," बाबा म्हणाले. "मणका मोडला की सांग."

"आधी चालवून तरी बघा, बाबा. मग बोला," समीर म्हणाला आणि पोह्यांची बशी घेऊन बाहेर गेला.

सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये तो कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याआधी पंधरा-वीस दिवस त्याच्या छातीत जळजळत होतं. मी विचारलं की म्हणायचा, "अ‍ॅसिडिटी आहे गं," आणि मी थंड दूध द्यायची.

बाबा रडले नाहीत. दवाखान्यात नाहीत, स्मशानात नाहीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी हॉल भरला होता. वंदना झाली, एकेक जण उठून समीरबद्दल बोलला. शेवटी बाबांना बोलायला सांगितलं. ते माइकपाशी गेले आणि म्हणाले, "समीरचा आणि माझा एक वाद अर्धा राहिला आहे. तो पूर्ण होईपर्यंत मला काही बोलता येणार नाही. सगळे आलात, आभारी आहे." आणि येऊन माझ्या शेजारी बसले. लोकांना काही कळलं नाही. मला कळलं आणि मला त्यांचा संताप आला. पोटचा मुलगा गेला आणि या माणसाच्या डोक्यात अजून स्प्रिंगाच. एकदा खाली, एकदा वर, आणि गप. हा नियम त्यांनी मुलालाही लावला, असंच मला वाटलं.

माझा भाऊ मला नाशिकला घेऊन जायला आला होता. मी दोनदा बॅग भरली आणि दोनदा रिकामी केली. बाबांनी राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ते दिवसभर सोसायटीतल्या गाडीच्या शेडमध्ये, परदेशातून आलेल्या स्प्रिंगांच्या खोक्याशेजारी खुर्ची टाकून बसत. समीरच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपमधली मंडळी येत, सल्ले देत. एक म्हणाला, विकून टाका. दुसरा म्हणाला, काका, तुम्हाला हव्या तशा मऊ बसवा, समीरला आनंदच होईल. तो गेल्यावर मी चहा घेऊन गेले तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले.

"मऊ बसवल्या तर मी जिंकलो. मेलेल्या माणसाशी वाद जिंकून तो मी ठेवू कुठे?"

नाशिकची बॅग त्या संध्याकाळी माळ्यावर गेली.

गायकवाड येऊन गाडी घेऊन गेले, आणि समीरच्या स्प्रिंगा बसल्या. आणून देताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, साहेबांचं वय झालंय. शॉकअपची कळ मी एकदम मऊवर ठेवतो. त्यांना सांगू नका, कळायचं नाही." पण बाबा मागेच उभे होते. "गायकवाड, मधल्या खुणेवर," ते म्हणाले. "त्याने मधली म्हटलं होतं. त्याची बाजू पांगळी करून मला त्याच्याशी बोलायचं नाही."

पहिल्या रविवारी सकाळी मी डावीकडच्या सीटवर बसले. लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्या गाडीत मला जागा मिळाली ती अशी. सोसायटीच्या फाटकाबाहेरचा पहिला स्पीडब्रेकर आला. गाडीने खालून खर्रर्र आवाज केला, माझे दात एकमेकांवर आपटले, आणि बाबा समोर बघत म्हणाले, "ऐकलंस?" मला वाटलं मला विचारतायत. "हो," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. येरवड्यावरून पूल ओलांडून आम्ही स्वारगेटपर्यंत गेलो आणि परत आलो. प्रत्येक खड्ड्याला "ऐकलंस?", प्रत्येक स्पीडब्रेकरला "ऐकलंस?" शेडमध्ये गाडी लावून ते उतरले, बोनेटपाशी गेले आणि समोर कोणी उभं असावं तसे बोलले.

"चालवून बघितली. तू साफ चुकलास, समीर. साफ चुकलास."

मग त्यांनी बोनेटवर डोकं टेकलं आणि रडले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मीही त्यांच्या पाठीवर हात ठेवून तिथेच रडत उभी होते. त्यांच्यावरचा माझा सगळा राग त्या शेडमध्ये संपला.

आता मऊ स्प्रिंगा बसतील, असं मला वाटलं. बसल्या नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. "अजून चालवून व्हायचीय," ते म्हणत. सगळ्याच फेऱ्या खडसावण्यात जायच्या असं नाही. एका रविवारी पुलावरून उतरताना त्यांनी वळणावर गाडी जोरात घातली. ती जराही झुकली नाही. घरी आल्यावर बाबा बोनेटपाशी उभे राहून म्हणाले, "वळणाचं कार्ट्याचं बरोबर होतं." त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

पण पाठ कोणाची बाजू घेत नाही. वर्षा-दीड वर्षात त्यांचा डावा पाय मुंग्या येऊन बधिर व्हायला लागला. मणक्यात नस दबली आहे, धक्के अजिबात नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं. कमरेला पट्टा आला. पट्टा बांधून ते रविवारी गाडीत बसू लागले. उतरताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला असायचा. एकदा त्यांना धरून उतरवताना माझा धीर सुटला.

"बाबा, पुरे आता. बदला त्या. दोघांचंही बोलून झालंय."

"बदलल्या की बोलणं संपलं," ते म्हणाले.

"आणि पाय गेला म्हणजे?"

खुर्चीत बसून त्यांनी दम घेतला. "मऊ स्प्रिंगा निवडून ठेवल्यात मी. गायकवाडांकडे आहेत, शॉकअपसकट. मी गेलो की बसवून घे. तुझं वजन धरून निवडल्यात."

मध्यंतरी एकदा जेवताना त्यांनी माझं वजन विचारलं होतं. मी फणकाऱ्याने सांगितलं होतं आणि दोन दिवस भात सोडला होता. ते हे होतं.

"या कडक माझ्यासाठी आहेत," ते म्हणाले. "तू कशाला हाडं मोडून घेतेस? तुझा त्याच्याशी काही वाद नव्हता."

मी मान डोलावली. माझाही होता, पण तो मी कोणालाच सांगितलेला नव्हता आणि त्यांना त्या अवस्थेत सांगण्यात अर्थ नव्हता.

शेवटचे काही महिने गाडी मी चालवायची आणि ते डावीकडे बसायचे. स्टिअरिंग माझ्या हातात आलं तरी स्पीडब्रेकर त्यांचेच राहिले. आधी दातओठ खायचे, मग कळ ओसरली की "ऐकलंस?" पुढेपुढे हा शब्द इतका बारीक निघायचा की इंजिनाच्या आवाजात मला ओठच दिसत. पावसाळ्यात ते बाथरूममध्ये पडले. अंथरुणाला खिळले, छातीत कफ झाला आणि आठवड्याभरात गेले. शुद्धीत असताना एकदा त्यांनी पलंगाच्या गादीवर तळवा दाबून पाहिला होता. त्यांचा चेहरा पाहून मी विचारलं, "गेलेत?" त्यांनी डोळ्यांनीच हो म्हटलं.

या वेळी पुण्यानुमोदनाला मला बोलायला सांगितलं. मी उठले नाही.

पुढे गायकवाडांचा फोन आला. "ताई, साहेबांनी सांगून ठेवलंय. कधी आणताय गाडी?" मी टाळत राहिले. शेवटी गाडी उभी राहून खराब होईल म्हणाले, तेव्हा नेली. समीरच्या स्प्रिंगा त्यांनी पुसून, तेल लावून, त्याच खोक्यात घालून मला परत दिल्या. उचलताना त्या जड लागल्या.

रविवारी सकाळी मी एकटीच निघाले. फाटकाबाहेरचा स्पीडब्रेकर आला, तशी मी सवयीने दात घट्ट मिटले. गाडी एकदा खाली गेली, एकदा वर आली, आणि गप. खालून खरचटल्याचा आवाजही आला नाही. पुढचा आला, त्याच्या पुढचा आला. येरवड्याचे खड्डे आले आणि गेले. बाबांचं बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की वाद घालायला काही शिल्लकच नव्हतं. आणि डावीकडे कोणी काही म्हणालं नाही. मी पुलापर्यंतही गेले नाही. तिथूनच वळले.

शेडमध्ये गाडी लावली. खोकं कोपऱ्यात होतं, बाबांची खुर्ची त्याच्याशेजारी होती. मी बोनेटपाशी गेले, ते उभे राहायचे तिथेच उभी राहिले. मग शेजारपाजारचे ऐकतील याची पर्वा न करता मी मोठ्याने म्हणाले,

"चालवून बघितली. स्प्रिंगांचं तुझं चुकलंच, समीर. आणि अ‍ॅसिडिटी नव्हती ती."