वांग्यासारखी टोपी

भुताखेतांचं मला कधी काही वाटलं नाही. आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, लिंबू-मिरची फक्त जेवणात. त्यात एकतीस वर्षं मी ठाण्याच्या कोर्टात कारकून होते... पुरावा नसेल तर कागद पुढे सरकवायचा नाही, हा स्वभावच झालाय. या सदरातले अनुभव मी वाचते ते चुका काढायला. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलेय याची जरा लाज वाटते. पण सांगितलं नाही तर डोकं फुटेल.

मी कोपरला राहते, डोंबिवली पश्चिमेला. हे जाऊन सहा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा निखिल, मालवाहू जहाजाच्या इंजिन रूममध्ये कामाला. एकदा गेला की आठ-नऊ महिने घर नाही, पण दर रविवारी फोन करणारच. मार्चमध्ये तो फोन बंद झाला. एक रविवार गेला, दुसरा गेला. एजंटच्या ऑफिसातली मुलगी म्हणायची, "मॅडम, जहाज समुद्रात आहे, नेटवर्क नसेल." दर वेळी तेच, तोंडपाठ. तिसऱ्या रविवारनंतर मी रोज तिथे फोन लावू लागले. पोरगं जिवंत आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर मर्सीताई राहतात. कल्याणजवळच्या मोहने गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांच्या चर्चमधल्या बायका खलाशांसाठी लोकरीच्या टोप्या विणतात. उरणच्या बाजूला जे बंदर आहे, त्याच्या गेटबाहेर ख्रिस्ती मंडळींनी खलाशांसाठी एक केंद्र चालवलंय. दोन खोल्या, वायफाय, कॅरम, चहा. जहाज धक्क्याला लागलं की चार तास सुट्टी मिळालेली पोरं तिथे येतात, घरी फोन करतात, जाताना एकेक टोपी घेऊन जातात. इथल्या उकाड्यात टोपी कशाला, असं मी विचारलं होतं.

"इथनं जहाज कुठे जाणार, बर्फात का वाळवंटात, आपल्याला काय ठाऊक?" मर्सीताई म्हणाल्या. "आणि तू नुसती फोनकडे बघत बसलीस तर वेड लागेल, सुनंदा. हे घे, हात चालू ठेव." आणि सुया माझ्या हातात दिल्या.

पहिलीच टोपी विणताना शेंड्यापाशी निळी लोकर संपली. कपाटात निखिलचा शाळेतला हिरवा स्वेटर होता, इतकी वर्षं जपून ठेवलेला. त्याची एक बाही उसवली आणि त्या लोकरीने शेंडा पुरा केला. टाके कमी करताना चुकले, त्यामुळे शेंडा एका बाजूला कलला. लोकर ठिकठिकाणी तुटत होती, म्हणून आतून तीन गाठी माराव्या लागल्या.

मर्सीताईंनी चष्मा वर केला. "ही टोपी आहे का वांगं? पाहुण्याला अशी द्यायची नसते गं. उसव."

मी उसवली नाही. निखिलची लोकर, निखिललाच ठेवीन म्हटलं आणि पर्समध्ये टाकली.

एप्रिलमधल्या एका बुधवारी त्या मला चर्चच्या व्हॅनमधून केंद्रावर घेऊन गेल्या. त्यांचा नियम साधा. नाव, देश, धर्म सगळं नंतर. आधी चहा द्यायचा आणि विचारायचं, घरी फोन केलास का? ते इंग्रजीत कसं विचारायचं हे मी व्हॅनमध्ये घोकत होते.

दुपारचे तीन वाजले होते. मर्सीताई आतल्या खोलीत सामान लावत होत्या. बाहेर पाच खलाशी कॅरमभोवती जमले होते. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत एकटाच एक जण बसला होता. अंगात नारिंगी बॉयलर सूट, इंजिनवाले घालतात तो गळ्यापासून पायापर्यंतचा, वय पंचवीस-तीस. एप्रिलच्या त्या उन्हात तो कुडकुडत होता... दात वाजत होते. तो निखिलसारखा दिसत नव्हता, हे शपथेवर सांगते. गोरा, नाक बसकं, परदेशी माणूस.

मी चहा ठेवला आणि घोकलेलं इंग्रजी साफ विसरले. तोंडातून मराठीच आलं, "अरे बाळा, घरी फोन केलास का?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

"कर रे. आई वाट बघत असेल."

टोप्यांचा खोका आत होता. पर्समध्ये ती एकच होती. खोटं कशाला बोलू, माझा हात थांबला. माझ्या पोराची टोपी मी दुसऱ्याला का द्यायची? पण समोर तो थंडीने कापत होता आणि तोही कोणाचा तरी होताच. मी ती त्याच्या डोक्यावर घातली, कानांवर ओढली. कान तापलेल्या तव्यासारखे भाजत होते. तापाची गोळी आणायला मी आत गेले आणि मर्सीताईंना घेऊन बाहेर आले, तर खुर्ची रिकामी. चहा तसाच, वर साय धरलेली.

कॅरमवाल्यांना विचारलं, तर म्हणाले, तिथे कोणी बसलंच नव्हतं. येणाऱ्याने वहीत नाव लिहायचं असतं. वहीत पाचच नावं होती. टोपी मात्र कुठेच नव्हती, मी खुर्चीखालीसुद्धा वाकून पाहिलं.

"उन्हाचा त्रास झालाय तुला. पाणी पी आधी," मर्सीताई म्हणाल्या.

घरी आले. साडेसहाला फोन वाजला. नंबर कुठला तरी लांबलचक.

"मम्मी... मी बोलतोय."

मी आधी रडून घेतलं, मग त्याला शिव्या घातल्या. तापाने बेशुद्ध पडला म्हणून त्याला ब्राझीलमधल्या एका बंदरावर उतरवून हॉस्पिटलमध्ये टाकलं होतं. मोबाईल जहाजावरच राहिला, आणि एजंटने मला कळवायची तसदीच घेतली नव्हती.

"तीन-साडेतीन आठवडे असाच पडलेलो गं. आज पहाटे जाग आली. नर्स यायची वाट बघत बसलेलो, मग तिचा फोन मागितला. डोक्यात एकच चाललेलं, घरी फोन केला नाही. कोणीतरी सारखं विचारत होतं ना."

"काय विचारत होतं?"

"'घरी फोन केलास का.' मराठीत! इथे कोण मराठी बोलणारं आहे?"

"जाग किती वाजता आली?"

"उजाडत होतं. साडेसहा असतील. का गं?"

का ते मी सांगितलं नाही. तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेआठ तास आहे, हे नंतर शोधलं. तिथले सकाळचे साडेसहा म्हणजे आपले दुपारचे तीन. तरी मी मनाला समजावलं, तापात माणसाला आईचा आवाज ऐकू येतोच. योगायोग. फाईल बंद.

जूनमध्ये तो घरी आला. धुवायचे कपडे काढायला मी त्याची बॅग उपडी केली. तळाशी ती होती. निळी टोपी, हिरवा कललेला शेंडा.

"ही कुठली रे?"

"हॉस्पिटलमध्ये जाग आली तेव्हा डोक्यावर होती. तिथेपण चर्चवाले यायचे ना, आजारी खलाशांना भेटायला. त्यांनीच घातली असेल."

मी ती उलटी केली. तीन गाठी. एका बाहीचा स्वेटर कपाटातून काढून शेजारी धरला. रंग तोच, विटलेलाही तसाच. कोर्टात याला मुद्देमाल म्हणतात. मुद्देमाल समोर आहे आणि मला त्याचं काही सांगता येत नाही.

मर्सीताईंनी टोपी मांडीवर घेऊन गाठी मोजल्या. मला वाटलं, आता देवाचं काही सांगतील. "मला नको विचारूस बाई," त्या म्हणाल्या. "मी आपली चहा देणारी."

निखिल पुढच्या महिन्यात परत जहाजावर जातोय. तीच टोपी घेऊन जाणार म्हणतो. मी दर बुधवारी केंद्रावर जाते, पर्समध्ये नवी टोपी असते, आणि सगळ्यात आधी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघते. कारण माझं पोरगं परत आलं, टोपी परत आली, पण मी विचारलं तेव्हा त्या माणसाने 'नाही' म्हणून मान हलवली होती. त्याच्या आईला फोन गेला का, हे मला अजून कळलेलं नाही.