मामंजींचा पोलादी सेट

माझे सासरे हे जगातले सर्वांत आनंदी वाईट गोल्फ खेळाडू होते, असं मी म्हटलं तर उज्जैनमधल्या कुणाचीच हरकत असणार नाही. सासूबाईंची होती, पण ती ‘आनंदी’ या शब्दाला. इतकं वाईट खेळून आलेल्या माणसाने निदान घरात शिरताना तोंड पाडावं, अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. मामंजी मात्र मळलेल्या कॅनव्हासच्या बुटांनी अंगणात येत, सायकल भिंतीला टेकवत आणि देवदर्शन करून आल्यासारख्या चेहऱ्याने म्हणत, “आज सातव्या होलला चेंडू जवळजवळ गेलाच होता.” हा जवळजवळ गेलेला चेंडू मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. सासूबाई म्हणायच्या की त्या तो स्वतःच्या लग्नाच्या पाचव्या वर्षापासून ऐकून राहिल्या आहेत.

मामंजी सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढणाऱ्यांचे प्रमुख होते. सरकार कुठलं, हे मात्र सांगताना त्यांना दरवेळी थांबावं लागे. नोकरीला लागले तेव्हा ते ग्वाल्हेर संस्थानचे नोकर होते. स्वातंत्र्य आलं, संस्थान विलीन झालं आणि ते मध्यभारताचे झाले. पुढे राज्यांची फेररचना झाली तेव्हा मध्यप्रदेशाचे. टेबल तेच, खुर्ची तीच, खिडकीतून दिसणारा कडुनिंब तोच. फक्त दर काही वर्षांनी जुन्या मथळ्याचे कागद रद्द होत आणि मामंजी त्यांचे गठ्ठे साहेबांच्या परवानगीने घरी आणत. त्या कागदांच्या पाठी त्यांच्या गोल्फच्या नोंदीसाठी होत्या. “राज्यं बदलली, सूनबाई,” ते म्हणत, “माझा खेळ मात्र जिथल्या तिथे.”

खेळाची सुरुवात एका नकाशापासूनच झाली होती. गावातल्या एका गिरणीत विलायती इंजिनियर होता. त्याला नानाखेड्याकडच्या माळावर सात होल्सचं मैदान आखायचं होतं. आज तिथे बसस्टँड आणि कॉलन्या आहेत. तेव्हा बाभळी, करवंदीची जाळी आणि म्हशींचं एक डबकं एवढंच होतं. नकाशा मामंजींनी काढला. गवत टिकेना म्हणून होलभोवती वाळू आणि जळकं तेल कालवून चौथरे केले, तेही मामंजींनीच. मग साहेबाने त्यांच्या हातात एक काठी दिली आणि म्हणाला, मारून बघा. तो पहिला फटका म्हणे सरळ होलाजवळ गेला. तसा फटका पुन्हा त्यांच्याकडून कधी बसला नाही, पण माणूस कायमचा अडकला. स्वातंत्र्याच्या साली साहेब मायदेशी गेला आणि जाताना आपल्या लाकडी दांड्यांच्या पाच जुन्या काठ्या मामंजींना देऊन गेला. ब्रासी, मॅशी, निब्लिक अशी त्यांची नावं. सासूबाईंना बरीच वर्षं ती साहेबाच्या मुलींची नावं वाटत. मामंजी झोपेत एकदा “मॅशी, मॅशी” म्हणाले, त्यावरून घरात दोन दिवस बोलणं बंद होतं.

या पाच काठ्यांची त्यांनी जी सेवा केली तशी आजारी माणसाची होत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगे, म्हणून दांड्यांना अळशीचं तेल. चैत्रात माळव्याच्या उन्हाने लाकूड तडके, म्हणून ओल्या धोतराच्या घड्या. मुठींचं चामडं सुटलं की मोच्याकडे न जाता स्वतः बसून शिवत. एकदा चौथ्या होलवर मॅशीचं लोखंडी मुंडकंच दांडीवरून निसटलं आणि चेंडूच्या पुढे उडत डबक्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर आदळलं. म्हैस जागची हलली नाही. तिचा मालक मात्र उठला. मामंजींनी त्याची माफी मागितली, गुडघाभर चिखलात उतरून मुंडकं शोधलं, घरी येऊन सरस आणि सुताने बांधलं आणि कागदाच्या पाठीवर लिहिलं : ‘चौथा होल. म्हशीमुळे व्यत्यय.’

कारण दोष कधी त्यांचा नसे. दोष लाकडाचा असे. बाकीच्या खेळाडूंकडे, म्हणजे सरकारी इस्पितळातले डॉक्टरसाहेब आणि आणखी तिघेचौघे यांच्याकडे, एव्हाना पोलादी दांड्यांचे नवे सेट आले होते. डॉक्टरसाहेबांची काठी उन्हात चमकली की मामंजींच्या डोळ्यांत जे दिसे ते मी हलवायाच्या दुकानासमोरच पाहिलं आहे. कलकत्त्याच्या एका दुकानाचा कॅटलॉग त्यांच्याकडे होता. तो ते जेवणानंतर पोथीसारखा वाचत, आणि काही पानं पाठ म्हणत. त्यांच्या नोंदींत दोन रकाने असत. पहिल्यात खरे फटके. दुसऱ्याला मथळा होता ‘पोलाद असते तर’. पहिल्यात चौपन्न असतील तर दुसऱ्यात एकोणचाळीस. हा हिशेब ते इतक्या प्रामाणिकपणे करत की कधीकधी दुसऱ्या रकान्यातही एखादा फटका वाढवून म्हणत, “नाही, हा मात्र पोलादाने पण चुकलाच असता.”

अशा घरात मी साताऱ्याहून सून म्हणून आले. हे रेल्वेत, आठवड्यातले चार दिवस ड्यूटीवर. घरात बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. सासूबाई म्हणाल्या, “दरवाजा लाव, हवा येऊन राहिली,” आणि मी हसले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे सहा महिने मी हसले नाही. पण माझी खरी भीती वेगळीच होती. मी डावखुरी आहे. लहानपणी आईने माझ्या डाव्या हाताला फडकं बांधून मला उजव्या हाताने जेवायला, लिहायला शिकवलं. मला बघायला आले तेव्हा पोह्यांच्या बशा मी उजव्या हाताने दिल्या, आणि आईने निघताना कानात सांगितलं, “तिकडे कळू देऊ नकोस.” सासूबाई रोज पहाटे रामघाटावर जाऊन क्षिप्रेत स्नान करणाऱ्या, सोवळ्याओवळ्याच्या कडक. दोन वर्षं मी त्यांच्यासमोर डावा हात माहेरी विसरून आल्यासारखी वावरले. त्या घाटावर गेल्या की तेवढा तासभर तो हात मोकळा होई. त्या तासात मी भाजी चिरून घेत असे.

शेवटी सासूबाईंनीच परवानगी दिली. “एकदाचा तो सेट मागवा,” त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्हाला खेळता येत नाही हे तरी नक्की होईल.” मामंजींनी ऑर्डरचं पत्र तीन वेळा लिहिलं, चौथ्यांदा नकाशाच्या शाईने लिहिलं. मग दोन महिने ते स्टेशनवर पार्सल ऑफिसात इतके खेटे घालत होते की तिथला बाबू त्यांना दुरून पाहूनच मान हलवी.

सेट आला त्या दिवशी अंगणात पेटी उघडली. गवताच्या भुशातून एकेक काठी निघाली, आरशासारखी. सासूबाईंनी कुरकुरत का होईना, प्रत्येकीला हळदकुंकू लावलं. मामंजींनी एक काठी उचलली, पाय फाकवून उभे राहिले, हात मागे नेला आणि तसेच थांबले. काठी फिरवून पाहिली. दुसरी उचलली. तिसरी. मग पेटीच्या काठावर हळूच बसले आणि कॅटलॉग मागितला. बारीक टाइपात दोन ओळी होत्या, वरची उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी, खालची डाव्या. आयुष्यभर केसाइतक्या रेघा मोजणाऱ्या माणसाने नंबर खालच्या ओळीतला लिहिला होता. काठीचं पातं त्यांच्या दृष्टीने उलट्या बाजूला होतं. त्यांना दोष द्यायला या वेळी लाकूडही नव्हतं.

“चूक माझीच आहे,” ते म्हणाले. एवढंच. त्या दिवशी ते प्रथमच तोंड पाडून बसले, आणि सासूबाईंना ते मुळीच आवडलं नाही. “बदलून देतील की,” त्या म्हणाल्या. “लिहा त्यांना. आणि चहा घ्या.” मामंजींनी लिहिलं. दुकानाचं उत्तर सज्जनपणाचं होतं : सेट न वापरता परत पाठवा, दुसरा पाठवतो.

पेटी ओसरीवर बांधून ठेवायची होती. दुपारची वेळ, सासूबाई शेजारी हळदीकुंकवाला, मी एकटी. भुसा झाडताना एक काठी हातात आली. का कोण जाणे, मी ती अंगणात नेली. पायाशी वाळत घातलेलं एक सुकलेलं लिंबू होतं. मी डावा खांदा मागे नेला आणि फिरवली. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज झाला आणि लिंबू सरळ जाऊन समोरच्या तांब्याच्या बंबावर वाजलं. इतक्या वर्षांत प्रथमच माझ्या अंगाने एखादी गोष्ट न अडखळता केली होती. मी दुसरं लिंबू ठेवलं, तिसरं ठेवलं. मागे कुणी खाकरलं. चष्मा विसरला म्हणून मामंजी ऑफिसातून परत आले होते, आणि बहुधा पहिल्या लिंबापासून दारात उभे होते.

“मामंजी,” मी म्हटलं, “सासूबाईंना सांगू नका.”

“काय सांगू नको? सून लिंबं मारते हे, की डाव्या हाताने मारते हे?”

“दोन्ही.”

“दुसरं मला चौथ्या दिवसापासून माहीत आहे,” ते म्हणाले. “तुझी रांगोळीची रेघ उजवीकडून डावीकडे जाते. पंचवीस वर्षं रेघाच बघतोय, तेवढं कळतं.” मग चष्मा न घेताच जवळ आले, खाली वाकले, चौथं लिंबू माझ्या पायापाशी ठेवलं आणि म्हणाले, “गुडघा जरा सैल सोड. आणि पुन्हा मार.”

संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीर केलं की सेट परत जाणार नाही, सूनबाई खेळणार आहे. सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. “ही? आणि डाव्या हाताच्या काठ्यांनी?” मामंजी काहीतरी सावरून बोलायला लागले. कदाचित ते माझ्यासाठी खोटं बोलणार होते. पण त्यांनी एवढं केल्यावर मला ते बोलू देववेना.

“मी डावखुरी आहे, सासूबाई,” मी म्हटलं. “लहानपणापासून.”

सासूबाईंनी माझ्या दोन्ही हातांकडे आळीपाळीने पाहिलं. “म्हणजे दोन वर्षं तू माझ्या घरात उजव्या हाताने पोळ्या उलटतेस?” मी मान हलवली. “तरीच!” त्या म्हणाल्या. “तरीच सगळ्या करपतात! अगं, सांगायचं नाही का? उद्यापासून भाजायच्या त्या हाताने भाज. वाढताना आणि देवापुढे मात्र उजवा.” मी पदराने डोळे पुसले ते डाव्या हाताने.

त्यानंतर सहा वर्षं, मधलं एक बाळंतपण सोडलं, तर दर रविवारी सकाळी देवास गेटवरून टांगा करून आम्ही माळावर जात असू. टांगेवाल्याने पहिल्या दिवशी विचारलं, “बाबूसाब, बहूजी भी डंडा चलाएँगी?” मामंजी म्हणाले, “चलाएँगी. आप ज़रा घोड़ा दूर रखिए.” कासोटा घालून, पदर खोचून मी खेळायला उभी राहिले की डॉक्टरसाहेब सभ्यपणे दुसरीकडे बघत. दीड वर्षाने त्यांच्यापेक्षा दोन फटके कमी मारून मी त्यांना हरवलं, तेव्हा ते सरळ माझ्याकडे बघायला लागले. त्यांनीच एकदा मामंजींना विचारलं, अहो, तुम्ही स्वतःसाठी दुसरा सेट का नाही मागवत? मामंजी सरस लावलेली मॅशी पुसत होते. “माणसाने सामान किती वेळा बदलावं?” ते म्हणाले. “मला वाटायचं पोलादाने खेळ सुधारतो. सुधारला. आमच्या घरातला खेळ सुधारला ना?” त्या दिवशी घरी आल्यावर मी पाहिलं, दुसऱ्या रकान्यात ते आता स्वतःचे कल्पित फटके लिहीत नव्हते, माझे खरे लिहीत होते. कधीतरी मी पाठमोरी असले की ते माझी एखादी काठी उचलून तोलून बघत, तिच्या दांडीवरून अंगठा फिरवत आणि पुन्हा पिशवीत ठेवत. तेव्हा मला वाईट वाटे. मी ते दाखवलं नाही. त्यांनाही ते आवडलं नसतं.

मग नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि मुख्य कचेरीच्या नकाशांबरोबर मामंजीही गेले. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. तिथून त्यांची पत्रं येत. सासूबाईंना वेगळं, मला वेगळं. माझ्या पत्रात विचारलेलं असे, तिसऱ्या होलजवळची बाभूळ तोडली का, वारा पश्चिमेचा असेल तेव्हा काय करतेस. आणि एकदा : ‘इथलं तळं फार सुंदर आहे, पण एवढं मोठं आहे की माझे सगळे चेंडू त्याच्याच मालकीचे होतील.’ मी उत्तरं लिहीत असे. खेळाचं सगळं लिहिलं. जे लिहायला हवं होतं ते कधी लिहिलं नाही. सासऱ्यांना तसं लिहायची तेव्हा रीत नव्हती, आणि मला शब्दही माहीत नव्हते. आज थोडे माहीत आहेत, तर ते कुठल्या पत्त्यावर पाठवायचे?

निवृत्त होऊन परत आले तेव्हा त्यांचे गुडघे गेले होते. खेळणं संपलं, पण रविवार चुकवत नसत. टांग्यातून एक वेताची खुर्ची न्यायची, शेवटच्या होलजवळ बाभळीच्या सावलीबाहेर ठेवायची आणि ते शाल घेऊन उन्हात बसायचे. असाच एक पौषातला दिवस. मी वाळूच्या चौथऱ्याच्या पार टोकावरून चेंडू ढकलला. तो हळूहळू, वळण घेत, सगळा उतार ओळखीचा असल्यासारखा होलात गेला. तसा फटका मला आधी कधी जमला नव्हता. मी आनंदाने वळले, तर मामंजी खुर्चीत झोपलेले होते, तोंड थोडं उघडं, शाल घसरलेली. मी ती सारखी केली आणि शेजारी जमिनीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

“गेला?” त्यांनी विचारलं.

“गेला, मामंजी. तिकडून, त्या टोकावरून.”

“अरेरे. बघायला हवा होता.”

“थांबा,” मी म्हटलं, “पुन्हा मारते.”

मी चेंडू काढला, पार टोकावर नेऊन ठेवला, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ढकलला. ते खुर्चीत पुढे झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्याच्या मागे डोळे नेत होते. चेंडू निघाला, वळला, आणि होलापासून चांगला वीतभर अलीकडे थांबला.

“सुंदर,” मामंजी म्हणाले.