भाऊसाहेबांनी मागितलेली तारीख

अकोल्याच्या कोर्टात गावंडे भाऊसाहेबांची एक गोष्ट शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. हा वकील कधी पुढची तारीख मागत नाही. साक्षीदार फिरलेला असो की स्वतःच्या अंगात ताप असो, पुकारा झाला की भाऊसाहेब उभे. "तारीख कोन मागते? ज्याची तयारी नाई तो," असं ते भर बाररूममध्ये म्हणत. ज्या धंद्यात निम्मे लोक तारखांवर जगतात, तिथे असं बोलणाऱ्याला चहाला कोण बोलावणार? भाऊसाहेब आपला चहा एकटेच पीत.

मी त्यांच्याकडे सहा वर्षं ज्युनियर होते. सुनावणीच्या आदल्या दिवशी ते टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसत आणि म्हणत, "आता मी समोरचा वकील. बोल." मग आपल्याच पक्षकाराची आणि आपल्याच ज्युनियरची अशी उलटतपासणी घेत, की खरा समोरचा वकील दुसऱ्या दिवशी देवमाणूस वाटावा. पहिल्या वर्षी मी दोनदा रडले. तिसऱ्यांदा रडायला लागले तेव्हा म्हणाले, "रड, पन कागद ओला नोको करू. तो दाखल कराचा हाये."

माझं मन वकिलीवरून उडालं ते चांदूर बाजारच्या एका दाव्यामुळे. तिथल्या अकरा बागायतदारांनी संत्र्यांच्या प्रतवारीसाठी शेड उभारली, यंत्र आणलं, आणि दोन वर्षांत आपापसात बिनसलं. आमचे पक्षकार जनार्दनराव. दावा अमरावतीला नऊ वर्षं चालू होता आणि त्यातल्या साऱ्या तारखा समोरच्यांनी घेतलेल्या. एकदा पाहणीसाठी मी त्या शेडवर गेले. यंत्राचा पट्टा उंदरांनी खाल्लेला, दारात टणटणीची झुडपं वाढलेली. निकाल कुणाच्याही बाजूनं लागो, त्यात संत्रं काही येणार नव्हतं. माणसं आमच्याकडे भांडण झाल्यावर येतात. भांडण होण्याआधी त्यांच्याजवळ बसणारं कुणी असतं तर? एकतिसाव्या वर्षी मी गुपचूप एमबीएच्या प्रवेशाची तयारी सुरू केली.

परीक्षा झाली, मार्क चांगले आले. पण अर्जासोबत वरिष्ठांचं शिफारसपत्र हवं होतं, आणि माझे वरिष्ठ जगात एकच. एका सकाळी मी धीर करून सांगितलं. भाऊसाहेब फाइल चाळत होते. मान वर न करता म्हणाले, "वकिली सोडून राह्यली तू. काहून?"

मी पाठ केलेलं बोलले. नेतृत्व, व्यवस्थापन, नव्या संधी. ते उठले, पलीकडच्या खुर्चीत बसले. "आता मी समोरचा वकील."

पाऊण तास. सहा वर्षं वाया घालवली का? पुढच्या सहाचं काय? हरायची भीती वाटते म्हणून पळते का? पगारासाठी जाते का? शेवटी मी चिडून ओरडले, "मला त्या यंत्राचा गंज बघवत नाही! आपण जिंकू आणि तरीही काही उरणार नाही!" ते उठून आपल्या खुर्चीत परत आले. मग म्हणाले, "हे लिहिजो त्यायले. बाकीचं पुस्तकी हाये." त्यानंतर आठ दिवस ते कामापलीकडे माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "धाडलं तुह्यं पत्र."

इथे माझी चूक झाली, आणि ती वकिलाच्याच हातून होऊ शकते. संस्थेच्या संकेतस्थळावर शिफारसपत्रापुढे 'पेंडिंग' असं दिसत होतं. दुसऱ्या कुणी लगेच फोन फिरवला असता. पण ज्यांचं आयुष्य पेंडिंग दाव्यांत जातं, त्यांना त्या शब्दाची भीती कशी वाटणार? शेवटच्या दिवशी, सकाळी साडेअकराला, सहज पाहिलं तर अजून पेंडिंग. मुदत संध्याकाळी पाचची.

ऑफिसात बाबाराव होते, भाऊसाहेबांचे तीस वर्षांचे मुन्शी. त्यांनी अभिमानानं डाकेची पावती पुढे केली. "भाऊसाहेबांनी सोता जाऊन रजिस्टर केलं, पोचपावतीसकट. पोच असल्याबिगर ते कागद हातचा सोडत नाईत." पत्र भाऊसाहेबांच्या ई-मेलवर आलेल्या लिंकमधूनच भरायचं होतं. संस्थेला फोन केला. "लिंकवरूनच, मॅडम. पाचनंतर ती बंद होईल." मी सवयीनं विचारलं, मुदतवाढीचा अर्ज करता येईल का? पलीकडची मुलगी हसली.

भाऊसाहेब त्या दिवशी अमरावतीला होते. नेमका जनार्दनरावांचाच दावा, अंतिम युक्तिवाद, फोन बंद. मी गाडी काढली. मूर्तिजापूरपर्यंत बरी गेले. बडनेऱ्याच्या अलीकडे ट्रक आडवा झालेला. पाऊण तास तिथेच. स्टिअरिंगवर हात आपटत मी भाऊसाहेबांना, डाकखात्याला आणि स्वतःला आळीपाळीनं शिव्या देत होते.

कोर्टात शिरले तेव्हा सव्वातीन झाले होते. भाऊसाहेब बोलत होते, न्यायाधीश टिपून घेत होते. नऊ वर्षांनी आलेला दिवस. मी चिठ्ठी लिहिली, 'पत्र लिंकवरूनच घेतात. आज पाचपर्यंत,' आणि मागून त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, खिशात ठेवली आणि पुढचा मुद्दा सुरू केला.

साडेतीन. पावणेचार. त्यांच्या टिपणांची अजून निम्मी पानं उलटायची होती. मी मनातल्या मनात अर्ज मागे घेतला. या माणसाकडून तारखेची अपेक्षा करणं हाच मूर्खपणा होता.

चार वाजता ते मध्येच थांबले. न्यायाधीशांना "एक मिनिट" म्हणाले आणि मागच्या बाकावरच्या जनार्दनरावांकडे वळले. हळूच बोलले, पण मी शेजारीच होते. "जनार्दनराव, या पोरीचं एक काम माह्याकून अडलं. एक तारीख देता काय मले?"

जनार्दनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, समोरच्याले नऊ वर्सं देत आलो. तुमाले एक नाई देनार काय?"

भाऊसाहेब पुन्हा सरळ झाले. "वैयक्तिक कारणासाठी मला पुढील तारीख मिळावी." न्यायाधीशांनी चष्मा काढला. "गावंडेसाहेब, तुम्ही?" समोरचा वकील इतका गोंधळला की हरकत घ्यायचंही विसरला.

बाररूममधला संगणक उघडेपर्यंत सव्वाचार झाले. भाऊसाहेबांनी मला बाहेर काढलं. "ज्याच्याबद्दल साक्ष, तो उरावर नाई पाह्यजे." दाराच्या काचेतून मी पाहत होते. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, चष्मा वर-खाली करत ते टाइप करत होते. चार चाळीस. चार सत्तेचाळीस. चार चौपन्नला ते बाहेर आले आणि पहिला प्रश्न: "याची पोच कुठं भेटते?"

माझ्या फोनवर पेंडिंग जाऊन 'प्राप्त' आलं होतं. ते दाखवलं तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी छापून घेतलं, तेव्हा घडी करून खिशात ठेवलं.

बाहेर चहाच्या टपरीवर मी म्हणाले, "भाऊसाहेब, लिंक कळली नाही तर मला विचारायचं ना."

त्यांनी कप खाली ठेवला. "समजली होती मले."

मीही माझा कप खाली ठेवला.

"तारीख कोन मागते? ज्याची तयारी नाई तो. तू जाशीन, याची माही तयारी नव्हती, पोरी. म्हून डाकेत टाकलं. म्हटलं, पोचलं तं पोचलं." मग कप पुन्हा उचलत म्हणाले, "तसं करनं बराबर नव्हतं."

मला भयंकर राग आला होता. तो राग घेऊनच मी अकोल्याला आले, आणि खरं सांगायचं तर प्रवेशाचं पत्र हातात पडेपर्यंत तो गेला नाही. जनार्दनरावांचा दावा भाऊसाहेबांनी पुढच्या तारखेला जिंकला. मी जायच्या दिवशी ते स्टेशनवर आले नाहीत. त्यांची सुनावणी होती.

आज मी बागायतदारांच्या कंपन्यांचे करार, भांडणं व्हायच्या आधी, त्यांच्याजवळ बसून लिहिते. करार तयार झाला की पलीकडच्या खुर्चीत जाते आणि म्हणते, आता मी समोरचा. लोक वैतागतात.

भाऊसाहेब गेल्या वर्षी गेले. तेराव्यानंतर मी अमरावतीच्या कोर्टात जाऊन त्या दाव्याचा रोजनामा काढायला लावला. दर दिवशी कोर्टात काय झालं त्याची त्यात नोंद असते. पानंच्या पानं समोरच्यांच्या तारखा, आणि त्यांत ती एक ओळ: 'वादीच्या वकिलांनी वैयक्तिक कारणास्तव तारीख मागितली. मंजूर.' चाळीस वर्षांच्या वकिलीत त्यांच्या नावावर एवढाच डाग, आणि तो माझ्यासाठी.

मी त्या पानाच्या नकलेसाठी अर्ज भरला. त्या दाव्याच्या वकीलपत्रावर माझीही सही होती, त्यामुळे अडचण नव्हती. कारकुनानं अर्ज पाहून परत केला. "मॅडम, नक्कल कशासाठी पाहिजे, ते लिहायचं राहिलं."

मी पेन मागून घेतलं आणि लिहिलं: वैयक्तिक कारणासाठी.